कोरफडीच्या नावाचा शोध



कोरफड ठाऊक नाही असे घर खेड्यापाड्यांत क्वचितच आढळेल. परंतु या परिचित वनस्पतीचे शास्त्रीय नाव निश्चित होण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला, हे फारसे कोणास माहीत नसते.

या शोधाचा एक धागा गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. कोरफडीच्या वाळविलेल्या रसाला, म्हणजे काळ्या बोळाला, अरब, गुजराती, दख्खनी व कानडी लोक काय म्हणतात, हे त्याने त्यात नोंदविले. एकाच द्रव्याची नावे अनेक, तर कधी एकाच नावाखाली द्रव्ये निराळी. हिराबोळ व काळा बोळ हे दोन्ही 'बोळ'च; पण पहिला एका काटेरी झाडाचा डिंक, तर दुसरा कोरफडीचा रस!

असा घोटाळा टळावा म्हणून शास्त्रीय नावे आली. पण घोटाळा तेथेही झालाच. १७५३ साली कार्ल लिनीअसने कोरफडीला स्वतंत्र जाती न मानता 'अ‍ॅलो परफोलिएटा'चा 'व्हेरा' हा प्रकार मानले. पुढे ६ एप्रिल १७६८ रोजी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुर्मान या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'अ‍ॅलो व्हेरा' म्हटले. अवघ्या दहा दिवसांनी लंडनच्या फिलिप मिलरने तिलाच 'अ‍ॅलो बार्बाडेन्सिस' हे नाव दिले आणि 'व्हेरा' हे नाव भलत्याच जातीस लावले. परिणामी दीर्घकाळ अनेक ग्रंथांत 'बार्बाडेन्सिस' हेच नाव चालू राहिले.

आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य, असा नामकरणाचा नियम आहे. त्या दहा दिवसांनी 'अ‍ॅलो व्हेरा'च्या बाजूने कौल दिला. १९७९ साली एल. ई. न्यूटन यांनी या नावाचे समर्थन करणारा लेख लिहिला. आज तेच नाव मान्य आहे. तरीही साबण व मलमांच्या वेष्टनांवर 'बार्बाडेन्सिस' अद्याप दिसते. बार्बाडोस हे वेस्ट इंडीजमधील बेट. तेथे कोरफड माणसानेच नेली. तिचे मूळस्थान अरबी द्वीपकल्प मानले जाते.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. युरोपात घायपातालाही 'अमेरिकन अ‍ॅलो' म्हणत. घायपाताच्या पानात चिवट वाख असतो व त्याच्या रसाने कातडीची आग होते. कोरफडीच्या पानात वाख नसतो. आत पारदर्शक गर असतो आणि सालीलगत पिवळा, कडू रस. हा रस तीव्र रेचक असल्यामुळे गर्भवती स्त्रियांनी तो घेऊ नये.

म्हणून शिक्षकांनी मुलांना ही दोन्ही पाने शेजारी ठेवून दाखवावीत. वनस्पतींच्या याद्या करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शास्त्रीय नावासोबत गावातले नावही अवश्य लिहावे. शास्त्रीय नाव देशोदेशी ओळख पटविते. गावचे नाव वनस्पती प्रत्यक्ष दाखवून देते. औषध निर्धोक राहण्यास या दोहोंचा मेळ हवा.