परदेशात नोकरी शोधताना: चार प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे

(परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर सोलापुरात केलेले भाषण)

 

समोर बसलेल्यांपैकी काहींचा प्रवेश निश्चित झाला आहे, काहींचे व्हिसाचे काम चालू आहे. मागच्या रांगेत काही पालकही आहेत. त्यांना माझा खास सलाम, कारण या खर्चाचे ओझे त्यांच्या खांद्यावर आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचे शिक्षण चालू असेपर्यंत कर्जाचे व्याज भरणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०१३-१४ मध्ये सुरू झाली होती. २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद आहे. म्हणजे आता व्याजही घरानेच भरायचे. कुणी घर तारण ठेवले असेल, कुणाच्या अम्मीचे दागिने गेले असतील. म्हणून मी आज कोणते विद्यापीठ घ्यावे यावर बोलणार नाही. डिग्री हातात आल्यावर परक्या देशातल्या कंपनीसमोर स्वतःला कसे मांडायचे, यावर बोलणार आहे. कर्ज डिग्रीने फिटत नाही, नोकरीने फिटते.

मी इंजिनिअरिंग इथेच सोलापुरात केले. नंतर जर्मनीत मास्टर्स आणि काही वर्षे नोकरी. आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि उमेदवारांचे अर्ज वाचणे, मुलाखती घेणे हे माझ्या कामाचा भाग आहे. त्या खुर्चीवरून जे दिसते ते सांगतो.

अर्ज वाचणाऱ्याकडे वेळ नसतो. एका अर्जाला तो मिनिटही देत नाही. त्याच्या मनात चार प्रश्न असतात. याला हे काम येते का? हा आमच्या देशात कायद्याने काम करू शकतो का आणि कधीपर्यंत? आमच्या माणसांशी याला नीट बोलता येईल का? आणि चौथा, जो तो उघडपणे विचारत नाही: हा सांगतो ते खरे आहे का? तिथल्या स्थानिक मुलाबाबत दुसरा आणि तिसरा प्रश्न येतच नाही. तुमच्याबाबत येतो. उत्तर कागदावर नसेल तर वाचणारा फोन करून विचारत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो. म्हणून विचारण्याआधीच उत्तर द्यायचे.

पहिला प्रश्न कामाचा. आपल्याकडचा बायोडेटा म्हणजे वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' अशी सही. हे सगळे काढून टाका. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी वैयक्तिक माहिती सहसा लिहीत नाहीत, फोटोही लावत नाहीत. त्या जागी काम लिहा. 'डेटाबेसचे ज्ञान आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असते. समजा तुमच्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे आणि तुम्ही त्यांच्यासाठी साठ्याची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. मग असे लिहा: 'यंत्रमाग कारखान्यासाठी सूत आणि तयार मालाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहिला, दोन कामगार तो रोज वापरतात, आधी हे काम वहीवर होत असे.' यात काय केले, कुणासाठी केले आणि काय बदलले, हे तिन्ही आले. कोड गिटहबवर ठेवा आणि त्याची लिंक द्या.

अब्बांच्या दुकानावर चार वर्षे हिशेब सांभाळला असेल, तर तोही लिहा. गिऱ्हाईक सांभाळणे, उधारी वसूल करणे हा कामाचा अनुभव आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. जर्मनीत विद्यार्थी असतानाच कंपनीत अर्धवेळ काम करण्याची 'वेर्कश्टुडेंट' पद्धत आहे. शिकवणी चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत हे काम करता येते. पिझ्झा पोहोचवून पैसे मिळतील, पण आपल्या विषयाचे असे काम मिळाले तर डिग्रीआधीच तिथला अनुभव आणि तिथला साक्षीदार दोन्ही मिळतात.

इथे आपली एक अडचण होते. 'मी केले' म्हणणे आपल्याकडे फुशारकी समजली जाते. मग मुलाखतीत आपली मुले 'आम्ही केले, आम्ही बनवले' म्हणत राहतात आणि समोरच्याला कळतच नाही की याने नेमके काय केले. 'आम्ही चौघे होतो, त्यात लॉगिनचा भाग मी लिहिला' असे सांगणे ही फुशारकी नाही. ही माहिती आहे.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. बहुतेक मुले तो लपवतात. आधी मुलाखत होऊ दे, मग सांगू, असा विचार असतो. पण छोट्या कंपनीतल्या माणसाला या कायद्याची माहिती नसते आणि माहिती नसली की भीती वाटते. तुम्ही ती भीती दोन ओळींत काढू शकता.

जर्मनीत डिग्रीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा निवास परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतेही काम करता येते. तर अर्जात लिहा: 'माझा परवाना अमुक तारखेपर्यंत आहे. मी लगेच कामावर येऊ शकतो. पुढे ब्लू कार्डसाठी तुमच्याकडून नोकरीचा करार आणि नोकरीच्या तपशिलाचा एक फॉर्म लागेल. बाकी कागदपत्रे मी पाहीन.'

अमेरिकेत डिग्रीनंतर १२ महिन्यांची ओपीटी मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या विषयांना आणखी २४ महिने मिळतात, पण त्यासाठी कंपनी 'ई-व्हेरिफाय' या सरकारी व्यवस्थेत नोंदलेली असावी लागते. पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. अर्जाच्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न असतात. 'तुम्हाला आज कायद्याने काम करता येते का?' ओपीटी मंजूर असेल तर उत्तर 'होय'. 'पुढे कधी कंपनीकडून व्हिसा लागेल का?' उत्तर पुन्हा 'होय'. अनेकजण घाबरून पहिल्याला 'नाही' म्हणतात आणि अर्ज तिथेच बाद होतो. काहीजण दुसऱ्याला 'नाही' म्हणतात आणि मग खोटे पकडले जाते. एच-वन-बी व्हिसाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ८५,००० आहे. त्यात २०,००० अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरचे शिक्षण घेतलेल्यांसाठी असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ते कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा, एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

ब्रिटनमध्ये 'ग्रॅज्युएट रूट'वर बॅचलर्स आणि मास्टर्सनंतर सध्या दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने मिळतील. या काळात कंपनीला कोणताही परवाना लागत नाही, त्यानंतर लागतो. परवाना असलेल्या कंपन्यांची यादी तिथले सरकार जाहीर करते. आधी ती यादी पाहा, मग अर्ज करा.

याच प्रश्नाला जोडून नावाची गोष्ट. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर वेगळा क्रम, डिग्रीवर तिसराच. त्यात 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे 'मोहं.', कुठे 'एमडी'. तिथे नोकरीआधी कागदपत्रांची पडताळणी होते आणि पडताळणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. काहींच्या पासपोर्टवर एकच नाव असते, आडनाव नाहीच. अशांच्या अमेरिकन व्हिसावर ते एकुलते नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' अशी तीन अक्षरे छापली जातात. अर्थ, पहिले नाव माहीत नाही. मग बँकेत, विद्यापीठात, सगळीकडे तुम्ही 'एफएनयू साहेब'. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटन आणि भेटीचे व्हिसा देणे बंद केले. म्हणून विमानात बसण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करा आणि पासपोर्टवर जे स्पेलिंग, तेच सीव्हीवर, तेच लिंक्डइनवर ठेवा.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. आपल्या शहरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस तुम्हाला माहीत आहेत. जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ मध्ये ते पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथे ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाची जबाबदारी दिली गेली. १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचा मृत्यू झाला. ते मदत करायला गेले होते, नोकरी मागायला नव्हे. तरीही रुग्णाच्या भाषेत बोलणे त्यांनी गरजेचे मानले. तुम्ही तर नोकरी मागायला जाणार आहात. जर्मनीत अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कॅन्टीन, मीटिंग आणि बहुतेक छोट्या कंपन्या जर्मनमध्ये चालतात. बी-वन पातळी गाठली तर अर्ज वाचला जाण्याची शक्यता खूप वाढते, हे मी स्वतः पाहिले आहे.

आणि सोलापूरकरांनी भाषांच्या बाबतीत संकोच करू नये. घरी दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, बाजारात तेलुगू आणि कन्नड, कॉलेजात इंग्रजी. इतक्या भाषांच्या माणसांत वाढलेला मुलगा अनोळखी टीममध्ये लवकर रुळतो. पण सीव्हीवर जेवढे येते तेवढेच लिहा. तेलुगू फक्त समजत असेल तर 'समजते' असेच लिहा.

आता जे अवघड आहे ते बोलू. नावावरून भेदभाव होतो का? होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. २००७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुस्लिम नावाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा कितीतरी कमी होती. दलित नावालाही कमी होती. जर्मनीत डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी २०१६ मध्ये असाच अभ्यास मांडला. एकाच तरुणीचा फोटो, सारखीच पात्रता. जर्मन नावाला सुमारे १९ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले, तुर्की नावाला १३ ते १४ टक्के, आणि तुर्की नावासोबत हिजाबचा फोटो असेल तर जेमतेम ४ टक्के.

हे आकडे घाबरवायला सांगत नाही. सलग ३० नकार आले की मुलगा स्वतःला नालायक समजू लागतो, फोन उचलणे बंद करतो, घरी सांगत नाही. तेव्हा हे आकडे आठवा. प्रत्येक नकार तुमच्या पात्रतेवरचा निकाल नसतो. नाव बदलू नका, लपवू नका, त्याऐवजी रस्ता बदला. अनोळखी माणसाने नुसता कागद चाळला तर नावाचे वजन जास्त पडते. ओळखीच्या माणसाने 'या मुलीचे काम मी पाहिले आहे' म्हटले तर कामाचे वजन जास्त पडते. म्हणून प्राध्यापक, अर्धवेळ कामावरचे साहेब, आधी गेलेले विद्यार्थी, विद्यापीठाचा करिअर विभाग यांच्यामार्फत जा. बहिणींसाठी सांगतो, जर्मनीत अर्जाला फोटो लावण्याची पद्धत आहे, पण २००६ च्या समान वागणूक कायद्यानंतर तो सक्तीचा राहिलेला नाही. फोटोशिवाय अर्ज करणे पूर्ण योग्य आहे. लावायचा की नाही, हे तुम्ही ठरवा.

चौथा प्रश्न खरेपणाचा. अमेरिकेत गेल्यावर तुम्हाला एखादी 'कन्सल्टन्सी' भेटेल. ती म्हणेल, फ्रेशरला कुणी विचारत नाही, आम्ही सीव्हीवर सात वर्षांचा अनुभव टाकतो, मुलाखत आमचा माणूस देईल. किंवा म्हणेल, ९० दिवस संपत आले आहेत ना, कागदावर नोकरी दाखवतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे फार सोपे वाटते. पण ज्या दिवशी हे उघड होते, त्या दिवशी नोकरीच जाते असे नाही. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. कर्ज मात्र तसेच राहते. शिवाय त्या कंपनीत पुढे येणाऱ्या आपल्याच शहरातल्या मुलाचा खरा अर्जही संशयाने वाचला जातो. सहा महिन्यांचा खरा अनुभव सहा महिनेच लिहा. त्याबद्दल तुम्हाला काहीही विचारले तरी उत्तर देता येते आणि मुलाखत घेणाऱ्याला तो फरक पाच मिनिटांत कळतो.

शेवटचे, वेळेबद्दल. डिग्रीचा कागद मिळाल्यावर शोध सुरू करू नका. पहिल्या सत्रात करिअर विभागात नाव नोंदवा आणि सीव्ही तपासून घ्या. दुसऱ्या सत्रापासून अर्धवेळ काम किंवा इंटर्नशिप शोधा. शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच पूर्णवेळ नोकरीचे अर्ज पाठवा. व्हिसाची प्रत्येक तारीख एका वहीत लिहून ठेवा आणि तिची एक प्रत घरी पाठवा. पालकांनो, महिन्याला 'नोकरी लागली का?' एवढेच विचारू नका. 'या आठवड्यात किती ठिकाणी अर्ज केला, कुणाला भेटलास?' असे विचारा. त्याचे उत्तर मुलाच्या हातात असते आणि ते देताना त्याला लाज वाटत नाही.

मी इथे अजून तासभर थांबतो. ज्यांनी सीव्ही आणला आहे त्यांनी पुढे या. चार प्रश्न समोर ठेवून एकेक वाचू.