कार्डावरचे कर्ज आणि घरातला संवाद

(कुटुंब प्रबोधनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



महाभारतातील यक्षप्रश्नांमध्ये सुखी माणूस कोण, असा एक प्रश्न आहे. युधिष्ठिराने त्याला दिलेले उत्तर अगदी साधे आहे. रोज नाही तरी चार-पाच दिवसांनी का होईना, जो स्वतःच्या घरात भाजी शिजवून खातो, ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही आणि ज्याच्या माथ्यावर ऋण नाही, तो सुखी, असे त्याचे सांगणे आहे. उत्तर देणारा राजपुत्र होता, तरी त्याने सुखाच्या व्याख्येत राज्य घातले नाही, संपत्ती घातली नाही. ऋण नसणे मात्र आवर्जून घातले.

आज ज्या घरांत दोन्ही वेळा पोटभर शिजते, त्या घरांतून ऋणाने मुक्काम ठोकला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातील क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या वर गेली. करोनाच्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांवर होती; ती २०२२-२३ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आली. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने कार्डावरील उधारीसाठी बँकांना अधिक भांडवल राखून ठेवण्यास सांगितले. देशाच्या मध्यवर्ती बँकेला काळजी वाटावी, इतका हा विषय आता मोठा झाला आहे. तो घराच्या पातळीवर कसा सुटतो, याचा आज विचार करावयाचा आहे.

एक घर

असे एक घर डोळ्यांसमोर आणू. ते पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे असे समजू. ठाण्यात किंवा नाशकात असले तरी फरक पडत नाही. गृहस्थ पंचेचाळिशीचे, खासगी कंपनीत नोकरीला. पत्नी शाळेत शिक्षिका. वडील सेवानिवृत्त, मुलगी दहावीत. दोघांचे मिळून महिन्याला ९५,००० रुपये घरात येतात. त्यातून २८,००० घराच्या कर्जाच्या हप्त्याला जातात. व्यसन नाही, जुगार नाही. दारात रांगोळी आहे, देवघरात निरांजन आहे. आणि गृहस्थांच्या खिशात दोन कार्डे आहेत.

कर्ज एका दिवसात झाले नाही. आईच्या अखेरच्या आजारात विमा पुरला नाही आणि लाखभर रुपये कार्डावर गेले. तो खर्च टाळण्याजोगा नव्हता. पण तो फिटण्याआधी नवा सोफा आला, नवा मोबाइल आला, केरळची सहल झाली. पुढे गुणांच्या मोहाने किराणाही कार्डावर येऊ लागला. दर महिन्याच्या बिलात 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहानसा आकडा असे. तेवढा भरला की दंड होत नाही, बँकेचा फोन येत नाही. गृहस्थांना वाटे, आपण हप्ता चुकवीत नाही, म्हणजे व्यवहार ठीक आहे.

मग बिलाची तारीख जवळ आली की ते अबोल होऊ लागले. मोबाइल वाजला की गॅलरीत जाऊन बोलू लागले. घरातल्यांना वाटले, कचेरीतला ताण असेल.

एका रविवारी रात्री, जेवणे आटोपल्यावर, त्यांनी दोन बिले कागदावर छापून आणली आणि वडिलांच्या व पत्नीच्या पुढे ठेवली. एकावर १,८४,००० रुपये होते, दुसऱ्यावर ९६,०००. "बाबा, हे मी तुमच्यापासून दोन वर्षे लपवले," एवढेच ते म्हणू शकले.

पत्नी काही न बोलता आत गेली. ती रागावली असावी, असे दोघांना वाटले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिसरा कागद होता. "अहो, हे माझे. चाळीस हजार आहेत. क्लासची फी भरली होती. तुमच्या डोक्याला आणखी ताप नको, म्हणून बोलले नाही."

दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी एकमेकांपासून लपवले होते, आणि त्या जपण्यावर साडेतीन टक्क्यांनी व्याज चढत होते. या घराची कर्जमुक्ती सुरू झाली ती त्या रात्री, एक रुपयाही फेडण्याच्या आधी.

किमान रकमेचा सापळा

आता आकडे पाहू. तिन्ही कार्डे मिळून ३,२०,००० रुपये. कार्डाचे व्याज साधारणपणे महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असते. साडेतीन धरले तर महिन्याचे व्याज ११,२०० रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,०१६ रुपये. एकूण १३,२१६. किमान देय रक्कम बहुधा बाकीच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते. येथे ती १६,००० रुपये होते. म्हणजे पोटाला चिमटा काढून भरलेल्या सोळा हजारांतून मुद्दल फिटते अवघे २,७८४ रुपये. एकही नवी खरेदी न करता याच रीतीने भरत राहिले, तर कर्ज निम्मे व्हायलाच सहा-सात वर्षे लागतील.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मागची बाकी शिल्लक असेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. साखरेच्या पिशवीवरही खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. कार्डावर रोकड काढली, तर बाकी असो वा नसो, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

केवळ किमान रक्कम भरल्यास फेड लांबते आणि व्याज चढते, हा इशारा बिलावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातले. इशारा छापला जातो. वाचला जात नाही.

सुपे ते सर्वोच्च न्यायालय

आपल्या परंपरेने व्याजाला मर्यादा घातली होती. कौटिल्याने अर्थशास्त्रात शेकडा दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज सांगितले, म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. व्यापारासाठी त्याने पाच पण मान्य केले, समुद्रापार व्यापार करणाऱ्यासाठी वीस. कारण तेथे जोखीम मोठी आणि नफाही मोठा. घरखर्चाला व्यापाऱ्याचा दर लावावा, असे त्याने म्हटले नाही. धर्मशास्त्राने पुढे दामदुप्पटीचा नियम दिला. साचलेले व्याज मुद्दलाएवढे झाले की सावकाराला एका वेळी त्यापेक्षा जास्त मागता येत नसे. मुंबई इलाख्यातील ब्रिटिश न्यायालयांनीही हा नियम मानला.

तरीही १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. सुप्याच्या अनेक शेतकऱ्यांना आपण कशावर अंगठा उमटवला, हे वाचता येत नव्हते. आजच्या पदवीधर गृहस्थाला वाचता येते, पण तो अटींची पाने न उघडता 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवतो. दोघांच्या अंगठ्यांत फारसे अंतर उरलेले नाही.

आज न्यायालय व्याज कमी करून देईल, या भरवशावर कोणी राहू नये. कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणून घराने स्वतःचा कायदा स्वतःच करावयाचा आहे.

घराचा कायदा

त्या घराने काय केले? प्रथम तिन्ही कार्डांचा वापर थांबवला. मोबाइलमधील दुकानांत साठवून ठेवलेले कार्डांचे क्रमांक पुसले. किराणा पुन्हा रोखीने आणि यादी करून आणण्याचे ठरले.

मग महाग कर्जाच्या जागी स्वस्त कर्ज आणले. वडिलांची २,००,००० रुपयांची मुदत ठेव होती. मुलाने ती मागितली नाही. वडिलांनीच विषय काढला. पण ठेव मोडली नाही. तिच्या तारणावर १,८०,००० रुपयांचे कर्ज घेतले. अशा कर्जाचा दर ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के अधिक असतो. तो वर्षाला नऊ टक्के धरला, तर महिन्याचे व्याज १,३५० रुपये. तेवढ्याच रकमेवर कार्डाला करासह ७,४३४ रुपये जात होते. या पैशातून चाळीस हजारांचे आणि शहाण्णव हजारांचे अशी दोन कार्डे पूर्ण फेडून बंद केली. उरलेले ४४,००० मोठ्या कार्डात भरले. तेथे १,४०,००० राहिले.

पत्नीने आपल्या बांगड्या पुढे केल्या होत्या. सासऱ्यांनी त्या परत तिच्या हातात ठेवल्या. सोनेतारण हा कार्डापेक्षा स्वस्त मार्ग आहे, यात शंका नाही; परंतु स्त्रीधनावर अधिकार केवळ त्या स्त्रीचा असतो. तिने स्वेच्छेने दिले तर ती गोष्ट वेगळी. घराने ते गृहीत धरू नये.

सोळा हजारांचा हप्ता पंचवीस हजार करायचा, तर आणखी नऊ हजार हवे होते. घरपोच येणारे जेवण बंद झाले, करमणुकीच्या वर्गण्या थांबल्या, कचेरीला मोटारीऐवजी बसने जाणे सुरू झाले. मुलीचा क्लास चालू राहिला. घरकामाच्या बाईंना कमी करावे, असे एकदा कोणी सुचवले, तेव्हा वडील म्हणाले, "आपल्या चुकीचा हप्ता तिने का भरावा?" तो विषय तेथेच मिटला.

आता गणित पाहा. महिन्याला पंचवीस हजार ठरवून आधी कार्डाकडे वळवले, तर सातव्या महिन्यात कार्ड शून्यावर येते. तोच हप्ता पुढे ठेवीवरील कर्जाला लावला, तर पंधराव्या महिन्यात सगळे फिटते आणि वडिलांची ठेव जागच्या जागी राहते. एका वाटेने सहा-सात वर्षांत जेमतेम निम्मे, दुसरीने सव्वा वर्षात पूर्ण.

ज्यांच्याजवळ ठेव नाही, त्यांनी वैयक्तिक कर्जाची किंवा बाकीचे हप्ते पाडून घेण्याची चौकशी करावी. मात्र व्याज, शुल्क आणि कर मिळून एकूण किती भरावे लागेल, हे लेखी घ्यावे. थोडक्यात मिटवतो, असे कोणी म्हटले तर त्याची नोंद पतइतिहासात राहते, हे विसरू नये. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. धमकावणे आणि नातेवाइकांना छळणे यांनाही मनाई केली. असे घडल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. भीतीपोटी गप्प बसणे हेच वसुली करणाऱ्याचे बळ असते.

अर्थायाम

पाश्चात्त्यांच्या चंगळवादाला दोष देऊन हा विषय संपवणे सोपे आहे. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, हे खरे. पण ते आपल्या खिशात कोणी जबरदस्तीने घातले नाही. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी 'अर्थायाम' हा शब्द दिला. प्राणायामात श्वासाचे नियमन, तसे अर्थायामात अर्थाचे. अर्थाचा अभाव माणसाला धर्मापासून ढळवतो, तसाच अर्थाचा प्रभावही ढळवतो, असे त्यांनी मांडले. कार्ड या दोन्ही गोष्टी एकाच घरात आणते: आधी प्रभाव, मग अभाव.

त्यावर उपाय म्हणून आपल्या घरांत पूर्वी एक वही असे. रोजचा खर्च, दुधाचा रतीब, वाण्याची बाकी सगळे तिच्यात असे, आणि ती घरातल्या कोणालाही उघडता येई. मोबाइलमधले कार्ड ज्याचे त्याला दिसते. कर्ज वाढते ते त्या आडोशाला. कुटुंब एकत्र बसून भोजन आणि संवाद करते, त्या साप्ताहिक बैठकीत पंधरा मिनिटे या वहीला द्यावीत. दोष काढण्यासाठी नव्हे. बाकी किती उरली, एवढे मोठ्याने वाचण्यासाठी.

त्या घरातील मुलगी पहिल्या रात्री दाराशी उभी राहून सगळे ऐकत होती. "आजोबा, आपण गरीब झालो का?" असे तिने विचारले. आजोबांनी तिला जवळ बसवले. "गरीब नाही झालो, बाळ. हिशेब लिहायचा सोडून दिला होता. आता तू लिही."

त्यांनी तिच्यापुढे एक कोरी वही ठेवली. तिने पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिले: बाकी ३,२०,०००. दर रविवारी ती तो आकडा खोडून नवा लिहिते.