वस्तीवरील घरात इंटरनेटची जोडणी
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आज सातबारा, हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि बँकेचे व्यवहार घरबसल्या होतात. घरातील फोन, संगणक व गोठ्यावरचा कॅमेरा या सर्वांना एकच जोडणी पुरते. मात्र पाइपलाइनप्रमाणे तिचीही आखणी आधी कागदावर करावी.

राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी बसवावा. लोखंडी कपाटाआड ठेवू नये. जाड दगडी भिंत आणि पत्रा लहरी अडवतात. राऊटरवर बहुधा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोचतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जवळपुरता. एका जागी राहणारा संगणक केबलनेच जोडावा.

आता महत्त्वाचा मुद्दा. घरापासून गोठ्यापर्यंत किंवा पॅकहाऊसपर्यंत अनेकजण तांब्याची नेटवर्क केबल उघड्यावरून ओढतात. ही केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंतच चालते. शिवाय जवळपास वीज पडली, तर तांब्यातून दाब येऊन दोन्हीकडची उपकरणे जळू शकतात आणि माणसालाही धोका असतो. म्हणून दोन इमारतींमध्ये धातूची तार नसलेली फायबर केबल टाकावी. काच वीज वाहून नेत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लागतात. केबल पाइपमधून, नांगराचा फाळ पोचणार नाही इतकी खोल पुरावी. वळवाचे ढग दाटताच राऊटरचा प्लग काढून ठेवावा.

भारनियमनात जोडणी बंद पडू नये म्हणून राऊटरला छोटा यूपीएस जोडावा. साधा राऊटर १० वॉटच्या आसपास वीज घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी असल्यास पाच तासांच्या आसपास काम भागते.

शेवटी कुलपाविषयी. राऊटरला दोन पासवर्ड असतात: एक वाय-फायचा, दुसरा राऊटरच्या मांडणीचा. दोन्ही पहिल्याच दिवशी बदलावेत. वाय-फायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा निवडावी. पाहुण्यांसाठी सोय असल्यास 'गेस्ट' जोडणी वेगळी ठेवावी. बँकेचा ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

विहिरीला कठडा बांधतो, तशीच ही काळजी. खर्च थोडा, पण नुकसान टळते.