तेलाची पाणसळ

श्रोतेहो, गवंडी ओटा बांधताना नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही, पाणसळ लावतो. स्थिर पाणी कोणाची भीड धरीत नाही. घरी घासलेल्या काचेची परीक्षाही याच युक्तीने घेता येते.

काच सपाट झाली की नाही हे पाहायला तिच्यावर दुसरी काच ठेवतात आणि पिवळ्या उजेडात पाहतात. मधल्या हवेच्या पातळ थरामुळे काळे-पिवळे पट्टे दिसतात. पट्टे सरळ, तर काच सपाट. पण थांबा! एक काच फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली, तरी पट्टे सरळच येणार. दोन लबाडांनी एकमेकांची साक्ष द्यावी, तसा हा प्रकार. तीन काचा आळीपाळीने जोडून ही लबाडी पकडता येते. पण तीन काचा घासणार कोण?

लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९३ साली पाण्याच्या पृष्ठभागालाच साक्षीदार केले. द्रवाला पृथ्वीची गोलाई असते, हे खरे. पण वीस सेंटिमीटर रुंदीत ती मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरते. ती खुशाल विसरा.

शिक्षकबंधूंनो, पाण्याऐवजी एरंडेल घ्या. दाट असल्याने त्यातली लाट लवकर मरते. (पारा नको, त्याची वाफ विषारी.) तेल कडेला वर चढते, म्हणून परात काचेहून चारी बाजूंनी चार बोटे मोठी हवी. काच तीन स्क्रूंवर, तेलापासून कागदाच्या जाडीइतकी वर टेकवा. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. तिच्यापुढे तेलकट कागद धरा, वर एक साधी काच तिरकी ठेवून उजेड खाली पाडा आणि तिच्यातूनच सरळ खाली पाहा.

एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतरात पडणारा फरक मिलिमीटरच्या सुमारे ३४०० व्या भागाइतका. पट्टा त्याच्या पाव भागाने वाकला, तर दोषही तेवढाच पाव. वर्तुळे दिसली, तर काच किंचित खाली आणा: ती बाहेर पसरली तर काच फुगीर, आत मिटली तर खोलगट.

काच कोरड्या फडक्याने पुसून लगेच ठेवू नका. घर्षणाची वीज तेलाला वर ओढते आणि चांगली काच उगाच नापास होते. काच पातळ असली, तर स्वतःच्या वजनानेच वाकते. जाडी रुंदीच्या सहाव्या भागाइतकी तरी असावी. आणि हो, रस्त्याने मोटार गेली तरी पट्टे थरथरतात. हे काम रात्री, गाव निजल्यावर करावे.