ऊब आणि उजेड : शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातील दिव्यांविषयी
(भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाला हात घालण्यापूर्वी कायद्याची बाजू सांगून टाकणे बरे. ज्याला आपण मराठीत घोयरा सरडा म्हणतो तो भारतीय शॅमेलिऑन आपल्या देशात आढळणारी शॅमेलिऑनची एकमेव जात होय. लॉरेंटी ह्या शास्त्रज्ञाने १७६८ साली तिचे शास्त्रीय नामकरण केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ह्या प्राण्याला संरक्षण दिलेले आहे. तो पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. (भिलाईची मैत्रीबागही त्याच १९७२ सालची, हा एक योगायोग.) तेव्हा कोणाच्या अंगणात घोयरा सापडला तर त्याच्यासाठी दिवा कोणता घ्यावा हा प्रश्नच उद्भवत नाही, त्याला झाडावर जाऊ द्यावे, जखमी असल्यास वन विभागाच्या स्वाधीन करावे. आज आपण बोलणार आहोत ते येमेन व मादागास्कर ह्या प्रदेशांतील जातींविषयी. त्या बाळगणाऱ्यांनी २०२४ साली लागू झालेल्या नियमांप्रमाणे राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावयाची असते. ती झाली आहे असे गृहीत धरूनच मी पुढे जातो.

ह्या प्राण्यांच्या पाळणुकीत अकाली मृत्यूचे एक नेहमीचे कारण म्हणजे हाडांचा मऊपणा. लहान मुलांतील मुडदुसाचेच हे भावंड. पिल्लू आधी फांदीवरून घसरू लागते. पुढे त्याचे पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा होतो, आणि जिभेचा नेम चुकू लागला की ते उपाशी राहते. मालक सांगतो, "पण साहेब, मी तर चोवीस तास बल्ब लावून ठेवला होता." त्याचे म्हणणे खरे असते. बल्ब होता, ऊबही होती. नव्हते ते अतिनील किरण.

ऊब आणि अतिनील किरण ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे इतर कोणत्याही गावापेक्षा भिलाईत समजावून सांगणे सोपे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून ह्या गावातील कितीतरी माणसांनी वितळलेल्या लोखंडासमोर उभे राहून आयुष्य काढले आहे. तो रस सुमारे चौदाशे ते पंधराशे अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. त्याच्या धगीने चेहरा भाजून निघतो, परंतु त्यातून बाहेर पडतात ते बहुतांशी अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण; अतिनील किरण जवळजवळ नाहीतच. उलट, वेल्डिंगच्या ठिणगीकडे काचेविना पाहणाऱ्या नवशिक्या कामगाराला त्या क्षणी डोळ्यांना काही जाणवत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू पडावी तशी चरचर सुरू होते. तो अतिनील किरणांचा प्रताप. साधा तारेचा बल्ब हा भट्टीच्या जातीचा, वेल्डिंगच्या जातीचा नव्हे. तो कितीही तापला, कितीही झगझगला, तरी हाडांच्या उपयोगाचा नाही. एलईडीची गोष्टही तीच. त्यात तर ऊबही बेताचीच.

आता हे किरण करतात तरी काय? १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की ह्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडला आणि मुले सुधारली. विशेष म्हणजे एकाच हातावर प्रकाश सोडला तरी दोन्ही हातांची हाडे भरून येत. म्हणजे कातडीत एखादा पदार्थ तयार होऊन तो रक्तावाटे अंगभर पसरत असला पाहिजे. आज आपण त्या पदार्थाला ड जीवनसत्त्व म्हणतो. अतिनील किरणांपैकी ‘ब’ गटातील, म्हणजे सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण कातडीतील एका स्निग्ध द्रव्यावर पडतात. त्यातून ड जीवनसत्त्वाचे पूर्वरूप बनते आणि शरीराच्या उबेने त्याचे जीवनसत्त्वात रूपांतर होते. ही दुसरी पायरी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंग गार असेल तर नुसत्या किरणांचे फळ लवकर मिळत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याची ऊब बाहेरून येते, म्हणून दोन्ही दिवे एकमेकांशेजारी, एकाच फांदीवर रोखलेले असावेत.

कोणी विचारील, मग हे जीवनसत्त्व भुकटीतून का देऊ नये? देता येते, पण अधिक झाल्यास ते विषासारखे बाधते. कातडीत तयार होणाऱ्या जीवनसत्त्वाचे तसे होत नाही, कारण जादा झालेले पूर्वरूप प्रकाशच निरुपद्रवी द्रव्यांत बदलून टाकतो. आणखी एक मौज अशी की, हा हिशेब प्राण्यालाही कळतो. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरील अमेरिकेतील प्रयोगांत (त्यातील एक निबंध २००९ चा) असे दिसले की, ज्यांच्या आहारात ड कमी होते ते अतिनील प्रकाशात अधिक काळ बसत, ज्यांच्या आहारात ते पुरेसे होते ते कमी. म्हणून पिंजऱ्याचा वरचा एक भाग किरणांचा आणि बाकीचा पानांच्या दाट सावलीचा ठेवावा. निवड प्राणी करील.

बाजारात जाताना एक सावधगिरी हवी. ‘यूव्ही’ ह्या दोन अक्षरांखाली सुपेल्याच्या दुकानात काहीही हाती पडू शकते. नोटा तपासण्याचा निळसर दिवा आणि कीटक मारण्याच्या यंत्रातील ट्यूब ‘अ’ गटाच्या. त्या हाडांना निरुपयोगी. जंतुनाशक ट्यूब ‘क’ गटाची. २०२० च्या साथीपासून ती घरोघरी पोचली आहे. ती पिंजऱ्यावर लावली तर प्राण्याचे डोळे आणि कातडी जळेल. आपल्याला हवी ती खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेली ट्यूब, शक्यतो ‘टी-५’ प्रकारची, पिंजऱ्याच्या लांबीइतकी. तिच्यावर पाच-सहा टक्के ‘यूव्हीबी’ असे लिहिलेले असते. जाळीवर ठेवल्यास प्राण्याच्या पाठीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर अंतर राहावे. तरी टक्क्यांवर फार विसंबू नये, कारण जाळी बराच प्रकाश अडवते. शक्य असल्यास चारसहा जणांनी मिळून अतिनील निर्देशांक मोजणारे यंत्र घ्यावे. सर्वांत वरच्या फांदीवर निर्देशांक ३ च्या आसपास आणि खाली उतरत जाऊन शून्य, एवढे पुरे. मध्ये काच मात्र नको. खिडकीची काच ‘ब’ किरण जवळजवळ सगळे अडवते. खिडकीतून उन्हात बसलेला प्राणी उबदार असतो आणि उपाशी असतो. ट्यूब वर्षाने बदलावी. ती दिसायला तशीच उजळ राहते, पण ‘ब’ किरण केव्हाच ओसरलेले असतात.

पाऱ्याच्या वाफेचा एक मोठा बल्ब मिळतो. तो ऊब आणि अतिनील दोन्ही देतो. थंड देशांत तो सोयीचा असेल. भिलाईसाठी मी त्याची शिफारस करणार नाही. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घरातच ३० अंशांच्या वर तापमान असते, तेव्हा उबेचा दिवा बंदच ठेवावा लागतो. दोन्ही कामे एकाच बल्बाकडे असली तर ऊब बंद करताना हाडांचा उजेडही बंद होतो. पिल्लाच्या वाढीच्या दिवसांत असे तीन-चार महिने म्हणजे त्याचे सारे बालपण. म्हणून दोन दिवे, दोन बटणे.

उबेसाठी ४० ते ६० वॉटचा साधा किंवा हॅलोजन बल्ब पुरतो. तो जाळीच्या बाहेर, वर असावा, आणि फांदीवर तापमापक ठेवून २९ ते ३२ अंश दाखवील इतक्या अंतरावर. शॅमेलिऑनला पाठीवरचा चटका वेळेवर कळत नाही. डोक्यावरचा उंचवटा भाजून काळा पडलेले प्राणी पाहावयास मिळतात. हिवाळ्यात रात्री बल्ब लावून ठेवण्याची येथील लोकांची सवय अनाठायी आहे. बंद खोलीत पारा १५-१६ अंशांवर आला तरी निरोगी प्रौढ प्राण्याला ते सोसते, आणि रात्रीचा काळोख त्याला हवाच असतो. लाल बल्ब त्याला दिसत नाही ही समजूतही खोटी. पिल्लू किंवा आजारी प्राणी असल्यास प्रकाश न देणारा चिनी मातीचा तापक, तोही तापनियंत्रक जोडून, वापरावा.

आणि प्रत्यक्ष सूर्याचे काय? भिलाई सुमारे २१ अक्षांशांवर आहे. मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास येथे सूर्य दुपारी नेमका माथ्यावर येतो. २२ डिसेंबरलाही दुपारी तो क्षितिजापासून ४५ अंश वर असतो, म्हणजे माणसाची सावली त्याच्या उंचीइतकीच पडते. सावली उंचीपेक्षा लांब असेल तोवर ‘ब’ किरण बेताचेच असतात. ह्याचा अर्थ येथील हिवाळ्यातील दुपारचे ऊनही उपयोगाचे आहे. अशा दिवसांत जाळीचा पिंजरा अर्धा सावलीत ठेवून तासभर बाहेर नेला तर कोणत्याही दिव्याने होणार नाही ते काम होते. उन्हाळ्यात मात्र सकाळी आठच्या सुमारास न्यावा आणि नऊच्या आत परत आणावा. काचेची पेटी उन्हात कधीही ठेवू नये. काही मिनिटांत प्राणी मरतो.

तो बाहेर असताना त्याच्याकडे पाहत राहा. गार असेल तर तो अंग चपटे करून एक कूस सूर्याकडे करतो, आणि ती कूस काळवंडते. पुरेशी ऊब मिळाली की रंग उजळतो. फिकट पडून त्याने तोंड उघडले, तर तापमापक पाहत बसू नका, पिंजरा आधी सावलीत घ्या.