महसीर आणि त्याचा वाटाड्या

मासेमारी म्हटली की मराठी मनापुढे उभे राहतात ते समुद्र, होडी, जाळे आणि कोळीवाडा. नदीकाठी गळ टाकून तासन्‌तास बसणारा मनुष्य आपल्या लेखी बहुधा निरुद्योगी! मग पदरचे पैसे मोजून, सोबत वाटाड्या घेऊन, एवढ्या कष्टाने धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्यासाठी कोणी दूरचा प्रवास करतो, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. पण राजधानी दिल्लीतील हौशी गळकऱ्यांना हा प्रवास करावा लागतो, आणि त्याचे कारण हसण्यासारखे नाही.

यमुनेवर ओखला येथे आग्रा कालव्यासाठी १८७४ साली बंधारा झाला. त्याच्याखालच्या फेसाळ पाण्यात महसीर येत असे. मोठ्या खवल्यांचा, प्रसंगी पुरुषभर वाढणारा हा मासा गळाला लागला म्हणजे दोरासकट प्रवाहात अशी धाव घेतो की माणसाचे मनगट भरून येते. त्याच्यासाठी इंग्रज अंमलदार सुटीच्या दिवशी ओखल्याला जात. महसिराला वाहते, स्वच्छ पाणी लागते. आज वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा अवघा २२ किलोमीटरचा टप्पा, म्हणजे तिच्या १,३७६ किलोमीटर लांबीचा दोन टक्केही नव्हे, सबंध नदीच्या प्रदूषणाचा सुमारे तीनचतुर्थांश भार वाहतो. वजिराबादच्या खालीच तिला नजफगढचा नाला मिळतो. हा नाला मूळचा साहिबी नदीचा प्रवाह. नदीला नाला म्हणण्याची सवय एकदा जडली की पुढचे सारे सोपे होते.

तेव्हा दिल्लीचा गळकरी कुमाऊँची वाट धरतो. नेपाळच्या सीमेवर काली आणि सरयू यांचा संगम आहे. त्या जागेला पंचेश्वर म्हणतात. तेथे किंमत असते ती वाटाड्याच्या डोळ्यांना. हिमनद्यांचे थंड पाणी आणि दुसऱ्या नदीचे निवळ, उबदार पाणी जेथे एकमेकांत मिसळते त्या रेषेवर महसीर दबा धरून असतो, हे त्याला ठाऊक असते. पाण्याचा रंग किंचित गढुळला की तो गळ गुंडाळायला सांगतो. पावसाळ्यात मासे अंडी घालण्यासाठी उपनद्यांत चढतात, त्या दिवसांत गळ टाकायचाच नाही. मासा लागला तर गळ अलगद सोडवून त्याला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. कल्ल्यांतून पाणी खेळले, अंगात बळ आले, की तो आपणच निसटतो. हे काम शहरी पाहुण्याच्या हातून क्वचितच नीट होते. त्याचे लक्ष छायाचित्राकडे असते.

या खेळाचे मोल किती, हे दक्षिणेत कावेरीवर दिसून आले. तेथील गळाच्या तळांवर वाटाडे म्हणून नेमलेल्यांत पूर्वी जाळ्याने आणि सुरुंगाच्या दारूने चोरून मासे मारणारेही होते. जिवंत माशावर पोट चालू लागताच तेच नदीचे राखणदार झाले. गालिबोरे येथील तळावर धरलेल्या प्रत्येक माशाची जात आणि वजन वहीत लिहून ठेवीत. १९९८ ते २०१२ या काळातील सहा हजारांहून अधिक महसिरांच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. माशांची संख्या वाढत होती, पण सरासरी वजन घटत होते. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला प्रचंड महसीर नाहीसा होत चालला होता आणि त्याच्या जागी निळसर परांची दुसरी जात पसरली होती.

ही दुसरी जात आपल्या पुण्याकडची. कर्नल साईक्स याने १८३९ साली मुळा-मुठेच्या पाण्यातून तिची शास्त्रीय नोंद केली. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी १९७०च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी तिची कृत्रिम पैदास यशस्वी केली, आणि तिची पिल्ले मोठ्या सद्‌हेतूने दूरदूरच्या नद्यांत सोडण्यात आली. त्या काळी मासा वाढवणे म्हणजेच नदी वाचवणे असे सर्वांनाच वाटे. कुबडाच्या महसिराची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरील जातींच्या यादीत गेला.

अभयारण्यात गळ टाकणे म्हणजे शिकार, असा कायद्याचा अर्थ लावला गेल्याने कावेरीवरचे ते तळ २०१२ पर्यंत बंद झाले. शिकार थांबावी हा हेतू योग्यच. परंतु ती वहीही त्याबरोबर मिटली आणि वाटाड्यांची रोजी गेली.

पंचेश्वरचा संगम अभयारण्यात नाही. मात्र १९९६ च्या महाकाली करारान्वये भारत आणि नेपाळ यांनी तेथेच तीनशे मीटरांहून उंच धरण योजिले आहे. ते अद्याप बांधले गेलेले नाही. बांधले गेले तर ज्या रेषेवर दोन पाणी मिसळतात आणि जी वाटाडा बोटाने दाखवतो, ती जलाशयाखाली जाईल.