‘हॅव टू’ आणि ‘बी एबल टू’ यांचा उपयोग





आजचा विषय व्याकरणाचा असला तरी नित्याच्या उपयोगाचा आहे. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘विल’ ही इंग्रजीतील सहाय्यकारी क्रियापदे आपण पाठ करतो. परंतु त्यांना मर्यादा आहेत. ‘मस्ट’ला वेगळे भूतकाळी रूप नाही. प्रमाण इंग्रजीत अशी दोन क्रियापदे एकापुढे एक येत नाहीत. म्हणून ‘आय विल कॅन कम’ हे वाक्य चुकीचे ठरते. ही उणीव ‘हॅव टू’, ‘बी एबल टू’ हे शब्दसमूह भरून काढतात. म्हणून आपण ‘आय विल बी एबल टू कम’ असे म्हणतो.

घरी उर्दू व शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांना हे अवघड वाटण्याचे कारण नाही. ‘मुझे जाना पडा’ म्हणजे ‘मला जावे लागले’, म्हणजेच ‘आय हॅड टू गो’. येथे जाणे घडले. उलट, ‘मला जायला हवे होते’ म्हणजे ‘आय शुड हॅव गॉन’. येथे जाणे राहून गेले. हा भेद मुलांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. आपण तो फक्त फळ्यावर शेजारी शेजारी मांडावयाचा आहे.

खरी काळजी घ्यावी लागते ती नकारात. ‘यू मस्ट पे’ आणि ‘यू हॅव टू पे’ यांचा अर्थ जवळजवळ एकच. परंतु ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे पैसे भरता कामा नये, आणि ‘यू डू नॉट हॅव टू पे’ म्हणजे भरण्याची गरज नाही. एकात मनाई आहे, दुसऱ्यात मुभा आहे.

हा घोटाळा केवळ गुणांपुरता नसतो. अनेक घरांत इंग्रजी वाचणारे शाळकरी मूलच एकटे असते. औषधाच्या चिठ्ठीवर ‘यू मस्ट नॉट टेक मोर दॅन टू टॅब्लेट्स’ असे छापलेले असते. मुलाने आईला ‘दोनपेक्षा जास्त घेण्याची गरज नाही’ असे सांगितले, तर दुखणे वाढताच ती माउली तिसरी गोळी घेईल. ‘जास्त घेऊच नये’ असे सांगितले, तर तिचा हात थांबेल.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, नियम पाठ करून घेण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारू या : ‘हे घरी कसे सांगशील?’